मोहालीचं हळदीकुंकू

आक्का, सकाळी दाजींचा गावाहून फोन आला होता. अस्थी घेऊन ते नीट पोचले हे कालच कळलं होतं. आज त्यांनी एवढंच विचारलं, "सुले, त्या मोहालीच्या मॅडमना कळवलंस का गं?"

मी म्हटलं, अजून नाही.

"कळीव की. हौसाच्या जवळच्या हुत्या त्या. हितं समदी विचारत्यात, मॅडमचा फोन आला का म्हणून. तेराव्याच्या आत एकदा बोलल्या तर बरं दिसंल."

बरं दिसंल. अंगणात भावकी बसलेली असणार, तुझ्या नणंदा भिंतीला टेकून असणार, आणि दाजी फोन स्पीकरवर टाकून बोलत असणार. कानाला लावून बोलायची त्यांना सवयच नाही. तू गावाकडं काय काय सांगून ठेवलं होतंस ते मला आता एकेक करून कळतंय. मॅडमनी हळदीकुंकवाला घरी बोलावलं, सोफ्यावर बसवलं, सगळ्यांच्या आधी तुला कुंकू लावलं. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट मी दाजींच्या तोंडून ऐकली आणि मला ती ओळखूच आली नाही.

मॅडम शनिवारी पार्लरमध्ये येणार आहेत. नेहमीसारखी तुझ्याच नावानं वेळ घेतलीय. हनी म्हणून, पार्लरमध्ये तुला सगळ्या म्हणायच्या ते. पम्मीदीदीनं तू गेल्याचं त्यांना कळवलं नाही. मला म्हणाली, "तू कर लेना पुत्तर, आएगी तो बता देंगे." पार्लरची मालकीण 'बता देंगे' म्हणते तेव्हा सांगायचं आपणच असतं, हे तूच मला शिकवलंस.

तर सांगायचं मला आहेच. पण मला विचारायचंही आहे. जे विचारू नको म्हणून तू तुझ्या गळ्याची शपथ घातली होतीस ते. शपथ मोडली की ज्याच्या गळ्याची असते तो मरतो, म्हणतात आपल्याकडं. मी तर पाळली होती, आक्का.

तुला आठवत असेल, मी इकडं मोहालीजवळ मनीमाजऱ्यात आले तेव्हा कशी होते. आपल्या आटपाडी-विट्याकडची माणसं सोनं गाळायला देशभर पांगलीत, तसे आमचे हे इथं. नववी अर्ध्यात सोडून लग्न झालेली मी. खाली गलाईचं दुकान, वर खोली, आणि जिन्यातून दिवसभर भट्टीचा नि तेजाबाचा वास. भाजी आणायची तर ह्यांची वाट बघत बसायचे, कारण "कैसे दिया" एवढं विचारायलासुद्धा मला घाम फुटायचा. दारावर कुणी आलं की मी कडी न काढता आतूनच 'नहीं है' म्हणायचे. काय नाही आहे, ते मलाही माहीत नसायचं.

तुमचं दुकान तीन गल्ल्या पलीकडं. तू एक दिवस न सांगता जिना चढून आलीस, कडी वाजवलीस, आणि मी 'नहीं है' म्हटल्यावर बाहेरून म्हणालीस, "न्हाई तर न्हाई. पण दार उघड. किती दिस कोंडून घेणार हायस? खुडूक कोंबडी हायस का तू?"

त्या दिवशी मी लग्नानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसले असेन. पुढच्याच आठवड्यात तू मला पार्लरमध्ये नेलंस. सेक्टरच्या मार्केटातलं ते काचेचं दार, आतला तो वास, त्या गोऱ्यापान बायका.  मी तुला म्हटलं, आक्का, मला ह्यांच्याशी बोलता यायचं नाही. तू म्हणालीस, "जी लाव आणि हास. बाकी तू काय बोलतीस ते कोण ऐकत न्हाई."

मला तेव्हा तो धीर वाटला. धीर होताच तो. आज मी चार घास माझ्या कष्टाचे खाते, बसमध्ये एकटी चढते, भाजीवाल्याशी हुज्जत घालते, ते सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. पण हल्ली गिऱ्हाइकांचे पाय धुवायच्या टबाशेजारी बसलं की त्याचा दुसरा अर्धा भाग डोक्यात फिरत राहतो. कोण ऐकत न्हाई.

आपल्यात कुणाला चुकून पाय लागला तर लगेच हात लावून नमस्कार करतात. रांगणाऱ्या पोरालासुद्धा आपण ते शिकवतो. आणि इथं अख्खा पाय मांडीवर. पायाच्या वरचं माणूस फोनवर कुणाच्या तरी लग्नातल्या लेहंग्याचं बोलतंय. कधी गुदगुल्या झाल्या म्हणून पाय झटकला जायचा आणि तुझ्या हनुवटीला लागायचा. वरून "ओह" यायचं, पण ते नखावरचा ओला रंग बिघडला म्हणून. आणि तू, गोड हसून, आवाजात साखर घोळवून, मराठीत म्हणायचीस, "लाग बाई, लाग. आता डोस्क्यावरच बस."

"क्या बोला आंटी?"

"बोल रही हूँ, कितने नरम पैर हैं जी."

मी तोंड फिरवून टॉवेलच्या घड्या घालायचे, हसू दिसू नये म्हणून. काय एकेक बोलायचीस. "ह्या टाचंवर मिरची वाटावी, पाटा नको." "कुठल्या रानात नांगर धरून आली गं ही." वर चेहरा असा की गिऱ्हाइकाला वाटावं आशीर्वाद चाललाय. कप न बघता मागं धरणाऱ्या, नाव न विचारता 'सुनो' म्हणणाऱ्या, आपल्यासमोर आपल्याबद्दल 'ये लोग' म्हणणाऱ्या, सगळ्यांना तू त्याच सुरात पावती द्यायचीस. दिवसभराचं काम संपताना आपण दोघी हलक्या झालेल्या असायचो. माझ्या मनावरची भीती गेली ती तुझ्या शिव्यांनी गेली, आक्का. ज्या बाईला शिव्या देता येतात तिची भीती कशी वाटणार.

फक्त एका बाईला तू कधी शिवी दिली नाहीस. त्या म्हाताऱ्या बीजी, पांढऱ्या चुन्नीतल्या. गुडघे धरलेले, तरी पाय उचलायला तुला हात लावू द्यायच्या नाहीत. "रहण दे पुत्त, मैं आप चुक्क लऊँगी." दोन्ही हातांनी स्वतःचा पाय उचलून टबात ठेवायच्या आणि झालं की तुझ्या डोक्यावर हात ठेवायच्या. तू म्हणायचीस, "हिला शिवी दिली तर जिभंला फोड यील."

मग तो दिवस. जीन्स घातलेली एक बाई, लॅपटॉपची बॅग, फोनवर इंग्रजी. पाय बघून तू नेहमीसारखी सुरू झालीस, "बघ की गं सुले, टाचा हायत का नदीकाठच्या दगडी. नवरा शेजारी झोपतो तवा गोधडी फाटत असंल."

त्या बाईनं फोन खाली घेतला आणि म्हणाली, "गोधडी नाही हो, ब्लँकेट आहे. पण फाटतं खरं."

तुझ्या हातातला दगड पाण्यात पडला. मला वाटलं, गेली आपल्या दोघींची नोकरी. पण ती हसायला लागली, मग मी, आणि शेवटी तू, पदर तोंडाला लावून. "कुठल्या तुम्ही?" तिनं विचारलं. तू जिल्हा, तालुका, गाव, वाडी, सगळं सांगितलंस. ती पुण्याची. नवरा मोहालीत कंपनीत, ती घरून काम करते. म्हणाली, "इथं आल्यापासून घराबाहेर पहिल्यांदा मराठी ऐकलं, आणि ते हे." तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी बघितलं.

मला ती बाई आवडली होती आक्का, हेही लिहायला पाहिजे. तिच्या जागी दुसरी असती तर काउंटरवर जाऊन तक्रार केली असती. ती गोड बोलायची. आणि तिथंच सगळी गडबड झाली. कडू बोलणाऱ्यांचं आपल्याला काही वाटेनासं झालं होतं.

त्या दिवसापासून तू शिव्या सोडल्यास. "काय सांगावं, परत कोण आपलं निघालं तर." पार्लरमध्ये आता नुसता फॅनचा आवाज. मॅडम यायच्या त्या दिवशी तू घरून खोबरेल तेल आणायचीस, पार्लरचं क्रीम तिला नको म्हणून. शेंगाची चटणी, बाजरीची भाकरी फडक्यात बांधून. पहिल्या खेपेला 'तुम्ही' म्हणणारी मॅडम दोन-तीन खेपांत 'अगं हनी' वर आली. तुझ्या थोरल्या लेकीच्या वयाची. मी तुला म्हटलं तर तू मलाच दटावलंस, "आपल्यात जवळच्याला तू म्हंत्यात."

मी म्हटलं, "बीजी तू म्हणते ते जवळचं. ही तू म्हणते ते खालचं."

"तुला सगळीकडं खालवरच दिसतंय."

तो आपला पहिला वाद. तो तसाच राहिला.

जानेवारीत, इकडच्या लोहडीच्या सणाच्या आदल्या आठवड्यात, मॅडम पैसे देऊन निघता निघता दारातून म्हणाल्या, "हनी, संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलंय घरी. ये हं. हिलाही आण. लवकर या, दुपारीच."

लवकर या, यावर तू किती बोललीस. "बघ, लवकर या म्हणली. परक्याला कोण म्हणतंय?" मलाही तसंच वाटलं. मी आता शहाणपण शिकवत नाही, मीही तुझ्यासारखीच हुरळले होते. घर सोडल्यापासून मला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. आपल्या गल्लीत आपण चार बायका एकमेकींना लावतो तेवढंच.

पम्मीदीदीकडं सुट्टी मागताना तू म्हणालीस, "हमारे यहाँ फंक्शन है जी. गेस्ट बन के जाना है." तिनं तुला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः तुझे केस बांधले. तू आरशात स्वतःकडं बघतसुद्धा नव्हतीस, लाजून खाली मान. इरकली नेसलीस. बाहेर धुकं इतकं की समोरचा गोल चौक दिसेना, दात वाजत होते, तरी इरकलीवर स्वेटर नको म्हणालीस. डब्यात तिळाच्या वड्या. बसमध्ये तू डबा मांडीवर असा धरला होतास जसं कुणाचं तान्हं पोर.

सोसायटीच्या गेटवर वॉचमननं विचारलं, किसके यहाँ. फ्लॅटचा नंबर सांगितला. त्यानं मोबाइलमध्ये बघितलं. "पार्लर से हो? मैडम ने सर्विस में एंट्री डाली है. लिफ्ट पीछे से है आंटी जी, सामान वाली."

तू म्हणालीस, "भैया, हम मेहमान हैं."

त्यानं तुझ्या साडीकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. बिचारा ओशाळला. "आंटी जी, मेरे फ़ोन में जो आता है, उसी से भेजना पड़ता है. मेहमान का अलग आता है."

मागच्या बाजूला चालताना तू मला म्हणालीस, "चुकून दाबलं असंल. बारकी बटणं असत्यात."

त्या लिफ्टला आतून प्लायवूड ठोकलेलं होतं. एक माणूस फ्रिज घेऊन उभा होता. तुझ्या साडीला धूळ लागू नये म्हणून तो अंग चोरून कोपऱ्यात सरकला. त्या इमारतीत आपल्याला जागा करून देणारा तो पहिला आणि शेवटचा.

दार मॅडमनी उघडलं. नेसलेली पैठणी, अर्धे केस क्लिपात. "आलीस? बरं झालं. कुणी यायच्या आत उरकून घेऊ." मग तिनं तुझ्या हातांकडं बघितलं. "सामान कुठंय?"

मी तोंड उघडलं होतं आक्का. तू माझं मनगट असं दाबलंस की नंतर वळ उठले. आणि तू, इरकली नेसलेली, केस बांधलेली, हातात वड्यांचा डबा, तिला म्हणालीस, "राहिलं बघा मॅडम. येताना गडबडीत राहिलं."

"अगं काय हे. बरं, थांब, बादली देते."

तू पदर खोचलास आणि बाथरूमच्या उंबऱ्याशी बसलीस. शॅम्पू आणि भांड्यांची नवी घासणी घेऊन तिचे पाय केलेस. मी भिंतीशी उभी. मग पाहुण्या आल्या, हसणं, फोटो, कुणीतरी उखाणा घेतला. आपण दोघी किचनमध्ये, बशा भरत, चहा गाळत. मी ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा एकीनं बोलता बोलता मान न वळवता कप उचलला. मराठीत बोलत होती ती. सगळ्या मराठीतच बोलत होत्या. सगळ्या निघाल्यावर मॅडम आत आल्या, "अगं, तुम्हाला लावायचं राहिलंच की," म्हणाल्या आणि ओट्याशी उभ्या उभ्या कुंकवाचं बोट लावलं. तू डबा पुढं केलास, तिळगूळ घ्या, गोड बोला, म्हणालीस.

"ठेव ना तिथं," त्या म्हणाल्या. फोन वाजत होता त्यांचा.

परतीच्या बसमध्ये आपण भांडलो. तेच भांडण मग तू जाईपर्यंत चाललं.

"मुद्दाम केलं तिनं," मी म्हटलं.

"चुकून. तिनं ये म्हटलं, आपुन पाव्हणी म्हणून ऐकलं. आपुनच येड्या."

"मग सामान राहिलं कशाला म्हणालीस?"

"मग काय म्हणू? सणाचा दिस, नटून दारात उभी बाई. तिला तोंडघशी पाडू?"

"तिनं आपल्याला पाडलं त्याचं काय?"

"आपल्याला सवय हाय."

मी म्हटलं, परत आली की विचारणार. कशाला बोलावलं होतं, बायका म्हणून का पायांसाठी, एवढंच विचारणार. तू माझा हात ओढून तुझ्या गळ्यावर ठेवलास. गार पडला होता गळा. मंगळसूत्राचे मणी बोटांना लागले. "माझ्या गळ्याची आन हाय तुला."

त्यानंतर मॅडम दर खेपेला आल्या आणि तू दर खेपेला घरचं तेल घेऊन बसलीस. मला त्याचा राग यायचा. सगळ्या जगाला शिव्या देणारी बाई, आणि जिला द्यायला पाहिजे तिथं मुकी. मी तुला भित्री म्हणाले. लाचार म्हणाले. तू टाच घासत राहिलीस. मला वाटायचं, शपथ मॅडमची लाज राखायला आहे. दाजींचा फोन आल्यावर आत्ता कळतंय, गावाकडं तू आधीच सांगून बसली होतीस. त्या बिचाऱ्या गोष्टीत तू सोफ्यावर बसली होतीस, आणि मी एक प्रश्न विचारला असता तर तुला तिथून उठावं लागलं असतं. हे तू मला का सांगितलं नाहीस? मी हसले असते असं वाटलं का तुला? हसले असतेही कदाचित. नंतर रडले असते.

तुझ्या शेवटच्या सकाळबद्दल मी दाजींना सगळं सांगितलेलं नाही. तू टबात गरम पाणी ओतत होतीस आणि ओतता ओतताच खाली बसलीस, जसं कुणी दमून बसतं. खुर्चीत गिऱ्हाईक होतं. तिचा एक पाय झाला होता. पम्मीदीदी आणि मी तुला धरून गाडीकडं नेत होतो, आणि मागून आवाज आला, "एक्सक्यूज़ मी, ये दूसरा कौन करेगा?"

मी त्या वाक्यावर खूप विचार केला. घाबरली असेल. काय बोलायचं ते सुचलं नसेल. घाबरलेलं माणूस काहीही बोलतं, मला माहीत आहे, मी जन्मभर घाबरत आलेय. पण मला कधी ते वाक्य सुचलं नसतं, आक्का.

दुसऱ्या दिवशी उजाडता तू गेलीस. पम्मीदीदी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून रडली, पार्लर एक दिवस बंद ठेवलं. त्याबद्दल तिला नावं ठेवणार नाही. बंदच्या मेसेजमध्ये तिनं 'स्टाफ़ इमरजेंसी' असं लिहिलं. गिऱ्हाइकांचे मेसेज आले, तर मग माझी वेळ कधीची धरू? पार्लरच्या इतक्या बायकांतून दुखवट्याला मनीमाजऱ्याच्या गल्लीत एकच आली. बीजी. भिंतीला धरत धरत तुमचा तो अंधारा जिना चढल्या, सतरंजीवर बसल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी. दाजींची हिंदी तुला माहीतच आहे आणि बीजींची पंजाबी दाजींना कळत नाही. दोघं कितीतरी वेळ नुसते समोरासमोर बसून होते. उठताना त्यांनी दाजींच्या डोक्यावर हात ठेवला. दाजी तेव्हा पहिल्यांदा रडले.

पण दाजींना फोन हवाय तो मॅडमचा.

हे एवढं लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितेय. शनिवार झाला.

मॅडम आल्या, बसल्या, फोनवर बोलतच पाय पुढं केले. मी पाणी घातलं. थोड्या वेळानं त्यांनी खाली बघितलं. "अगं, तू? हनी कुठंय?"

"आक्का गेल्या, मॅडम."

"गावाला?"

"वारल्या."

"अगंबाई." त्यांनी फोन उलटा करून ठेवला. खरंच वाईट वाटलं त्यांना, मी खोटं का लिहू. "कशानं गं? वय काही फार नव्हतं. अरेरे. हात काय सुंदर होता तिचा."

मी सांगितलं, हृदयाचं होतं. मग दाजींचं सांगितलं. म्हटलं, "त्यांच्या मिस्टरांना तुमचा एक फोन गेला तर बरं वाटेल. गावाकडं सगळे वाट बघतायत. मी नंबर लावून देते."

त्या गोंधळल्या. "मी? अगं, मी काय बोलणार त्यांच्याशी? मी ओळखत पण नाही. ऑकवर्ड होईल गं." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून म्हणाल्या, "तूच सांग ना माझ्याकडून. मला फार वाईट वाटलं म्हणून सांग."

 पम्मीदीदी काउंटरवर होती. मला ठाऊक होतं, गिऱ्हाइकाला उलट विचारणाऱ्या बाईचं इथं काय होतं. मी पाण्याकडं बघत विचारलं, "मॅडम, संक्रांतीला तुम्ही आम्हाला हळदीकुंकवाला बोलावलं होतं. ते बायका म्हणून बोलावलं होतं, का पाय करायला?"

बोलून झालं. काही कोसळलं नाही. फॅन फिरत होता.

मॅडमनी विचार केला. मी त्यांचं तोंड बघत होते आक्का, त्या ढोंग करत नव्हत्या. कपाळाला आठी घालून त्या आठवत होत्या. "संक्रांतीला? तुम्ही आला होतात? नाही गं, तेव्हा ती दुसरी आली होती ना, घरी येऊन करणारी?"

"आम्हीच होतो. आक्का आणि मी."

"हो का? असेल असेल. इतकी गडबड होती ना त्या दिवशी." मग एकदम काळजीनं, "का गं? तुमचं काही राहिलं होतं का घरी?"

"नाही मॅडम," मी म्हटलं. "काही नाही."

त्यांनी फोन सुलटा केला. मी दुसरा पाय घेतला.

एवढ्या वर्षांच्या कामात मला पहिल्यांदाच तुला हाक मारून सांगावंसं वाटलं, आक्का, आपण उगाच भांडलो. मी मुद्दाम म्हणत होते, तू चुकून म्हणत होतीस. मुद्दाम अपमान करायला समोर माणूस दिसावं लागतं. चुकायलासुद्धा दिसावं लागतं. त्या दारात तू इरकली नेसून उभी होतीस आणि तिला तू दिसलीच नव्हतीस. मला वाटलं होतं विचारल्यावर मोकळं वाटेल. विचारल्यावर मला तिचा रागसुद्धा धरता येईना. तेवढा एक आधार होता, तोही गेला.

जाताना त्या माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाल्या, "काळजी घे हं." दार त्यांनी हळूच लावलं. चांगली बाई आहे ती, आक्का. तिला चांगलं म्हणताना मला काय होतं ते लिहिता येत नाही.

दुपारी दाजींचा फोन आला. मागं बायकांचे आवाज, भांडी, कुणीतरी पोराला गप करतंय. आणि मग एकदम शांतता, म्हणजे फोन स्पीकरवर टाकलेला.

"भेटल्या का गं मॅडम?"

"भेटल्या."

"फोन करणार हायत का?"

मी पार्लरच्या मागच्या बोळात उभी होते, टॉवेल वाळत घातलेले असतात तिथं. ह्या एका उत्तरासाठी तिकडं अंगणभर माणसं थांबली होती. खरं काय ते माझ्या जिभेवर होतं. इतके महिने तेच तर तुला ऐकवत आले होते.

"त्यांच्यानं बोलवणार न्हाई, दाजी," मी म्हटलं. "लई रडल्या. आवाजच फुटंना त्यांचा. म्हणाल्या, तू सांग."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, हौसाताई संक्रांतीला आमच्या घरी आल्या हुत्या. त्या आल्या म्हणून हळदीकुंकवाला शोभा आली."

 दाजी फोनपासून लांब तोंड करून म्हणालेले मला ऐकू आलं, "ऐकलं का? ताई म्हणाल्या तिला."

तिकडं कुणीतरी हुंदका दिला. तुझी धाकटी नणंद असावी. दाजी परत फोनवर आले आणि म्हणाले, "त्यांना म्हणावं, गावाकडं कवा आल्या तर घरला या. मी सांगितलं म्हणून सांग."

"सांगते," मी म्हटलं.

आता तुझ्याशी भांडायला माझ्याकडं काही उरलं नाही, आक्का.